पुण्याचा तह, हेगचं कोर्ट आणि 12,000 रुपयांचा सरंजाम

1959 साली हेगच्या पीस पॅलेसमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात, जगभरातून आलेले पंधरा न्यायाधीश आपल्या पेशवाईतल्या एका शब्दाचा अर्थ लावत बसले होते. शब्द होता सरंजाम. आज आपण "लग्नाचा सगळा सरंजाम" असं म्हणतो किंवा सरंजामशाहीला शिव्या घालतो, पण त्या वेळी या शब्दाच्या अर्थावर दादरा आणि नगर हवेलीची मालकी कुणाची हा प्रश्न लटकला होता. पोर्तुगाल विरुद्ध भारत, भारतीय प्रदेशातून जाण्यायेण्याच्या हक्काचा खटला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत हा खटला असतोच, आपल्याकडे मात्र तो फारसा कुणाला माहीत नसतो, आणि मला वाटतं भारत आजही आंतरराष्ट्रीय कोर्टाशी इतकं हातचं राखून का वागतो हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. दमण समुद्राकाठी. तिथून आत जमिनीकडे आलं की आधी दादरा आणि मग नगर हवेली, दोन्ही चारी बाजूंनी भारताने वेढलेली बेटं. म्हणजे दमणच्या पोर्तुगीज गव्हर्नरला नगर हवेलीतल्या सिल्वासाला जायचं तर भारताच्या रस्त्यावरून जाण्यावाचून इलाज नाही. इंग्रजांच्या काळात हे बिनबोभाट चालायचं, 1947 नंतरही काही वर्षं चाललं. मग 1954 आलं.

पण आधी 1779. त्याच्या चाळीस वर्षं आधी चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती आणि उत्तरेकडचा पोर्तुगीजांचा बहुतेक मुलूख गेला होता, दमण मात्र राहिलं. 1772 मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज पकडलं, भरपाईचं भांडण सुरू झालं. इकडे पुण्यात पेशवे सवाई माधवराव पाच वर्षांचे, कारभार नाना फडणवीसांच्या हातात, आणि इंग्रजांशी युद्ध चालू. अशा वेळी फिरंग्यांशीही वैर कशाला घ्या? 17 डिसेंबर 1779 ला तह झाला. त्यात दमण प्रांतातून वर्षाला 12,000 रुपये वसुलाची जहागीर पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं, मग 1783 आणि 1785 च्या सनदांनी गावं लावून दिली गेली. नगर हवेलीची 72 गावं आणि दादरा पोर्तुगीजांकडे आलं ते असं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे. आपल्याकडे गाव "देणं" म्हणजे गावाचा वसूल देणं. सरंजामदाराने गावाचं उत्पन्न खावं, बदल्यात चाकरी करावी किंवा मैत्री राखावी, पण राज्य छत्रपतींचं आणि पेशव्यांचं. देणारा नाराज झाला की सरंजाम जप्तही व्हायचा. मालकी वेगळी, उत्पन्न वेगळं, अंमल वेगळा, आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडे असले तरी कुणाला त्यात काही विचित्र वाटत नसे. युरोपातून आलेल्या कायद्याला असली भानगड पचत नाही, तिथे जमीन एक तर माझी नाही तर तुझी. पोर्तुगालने दीडशेहून जास्त वर्षं हेच धरून ठेवलं की तहाने मुलूख आमचा झाला.

21 आणि 22 जुलै 1954 च्या रात्री दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेलं. नगर हवेलीत आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते शिरले, 2 ऑगस्टला सिल्वासा पडलं. त्यात महाराष्ट्रातून गेलेली बरीच मंडळी होती, गायक-संगीतकार सुधीर फडके आणि शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं. भारत सरकार म्हणालं, हे तिथल्या लोकांचं आणि स्वयंसेवकांचं काम, आमचं सैन्य कुठे होतं? बरोबर होतं, सैन्य नव्हतं. पण दमणहून पोर्तुगीजांना कुमक पाठवायची होती आणि भारताने रस्ता बंद केला, कारण दिलं तणावाचं. खरं सांगायचं तर भारताची ही भूमिका अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. स्वयंसेवकांना वाट मोकळी आणि गव्हर्नरला बंद, याला तटस्थपणा म्हणायला जरा धाडसच लागतं. पण ते धाडस कायदेशीर होतं का, हा खरा प्रश्न, आणि तोच हेगला गेला.

तो गेला कसा हा किस्सा तर खटल्याहून भारी आहे. कोर्टाची सक्ती मान्य आहे असं जाहीरनाम्याने आधी कळवून ठेवलेल्या देशावरच दुसऱ्या तशाच देशाला सरळ दावा लावता येतो. ब्रिटिश हिंदुस्थानने 28 फेब्रुवारी 1940 ला असा जाहीरनामा दिला होता आणि स्वतंत्र भारताने तोच पुढे चालू ठेवला होता. पोर्तुगाल तर यूएनचा सदस्यच नव्हता. 14 डिसेंबर 1955 ला तो सदस्य झाला, 19 डिसेंबरला कोर्टाची सक्ती मान्य असल्याचा कागद दिला आणि 22 डिसेंबरला भारतावर दावा ठोकला. तीन दिवस! या जाहीरनाम्याची प्रत यूएनच्या सरचिटणीसांकडून इतर देशांकडे जायची असते, ती भारताच्या हातात पडायच्या आत दावा दाखल. शिवाय पोर्तुगालने आपल्या कागदात लिहून ठेवलेलं की वाटेल तेव्हा, वाटेल त्या प्रकारचे वाद आम्ही वगळू शकतो. म्हणजे स्वतःसाठी मागचं दार उघडं आणि भारताला पुढच्या दारात पकडायचं.

भारताने सहा आक्षेप घेतले. आमच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड, त्या वेळचे ॲटर्नी जनरल, आणि त्यांच्याबरोबर युरोपातले नावाजलेले कायदेपंडितही. भारताचे म्हणून जे खास न्यायाधीश बेंचवर बसले ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. आक्षेपांत एक म्हणणं असं होतं की अहो, समोरच्याने कागद दिला हे आम्हाला कळायला तरी हवं ना, आधी बोलणी तरी व्हायला हवीत. 26 नोव्हेंबर 1957 ला कोर्टाने चार आक्षेप फेटाळले, दोन मुख्य खटल्यावर ढकलले. कोर्ट म्हणालं की ज्या देशाने सक्ती मान्य केली त्याने हे गृहीतच धरायला हवं की उद्या कुणी नवा देश कागद देईल आणि त्याच दिवशी दावाही लावेल. कायद्याच्या भाषेत कदाचित बरोबर असेल, पण दिल्लीत हे ऐकताना कुणाला काय वाटलं असेल याची कल्पना करा. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झालेला देश, राज्यघटनेच्या कलम 51 मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांविषयी आदर वाढवू असं लिहिलेला, आणि एक वसाहतवादी देश कोर्टाच्या दारावर दबा धरून तुम्हाला पकडतो आणि कोर्ट म्हणतं यात गैर काही नाही. (गंमत म्हणजे 1994 मध्ये कॅमेरूनने नायजेरियाला असंच पकडलं, महिन्याच्या आत दावा, आणि 1998 मध्ये कोर्टाने भारताच्याच खटल्याचा दाखला देत नायजेरियाची तक्रार फेटाळली.)

मुख्य निकाल आला 12 एप्रिल 1960 ला.

भारताने दोन गोष्टी मांडल्या होत्या. एक, 1779 चा तह कायदेशीर झालाच नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचा एकाच मजकुरावर नीट करार असा नाहीच. दोन, झाला असं धरलं तरी त्यात सार्वभौमत्व नाही, नुसती जहागीर आहे. पहिला मुद्दा पडला. कोर्टाने म्हटलं की अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातल्या परिस्थितीत झालेला तह नंतर हळूहळू तयार झालेल्या नियमांनी मोजू नका, मराठे स्वतः तो तह बंधनकारक मानत होते आणि पाळत होते. वाचताना मला हे वाक्य फार आवडलं आणि त्याच वेळी जरा हसूही आलं. कारण पुण्याचा दरबार आंतरराष्ट्रीय कायद्याचा पूर्ण सभासद होता, त्याच्या शब्दाला किंमत होती, हे हेगमध्ये मान्य झालं ते भारताच्या विरोधात. दिल्लीचे वकील म्हणतायत आमच्या पेशव्यांचा तह कच्चा होता आणि परदेशी न्यायाधीश म्हणतायत छे, पक्का होता.

दुसरा मुद्दा मात्र भारताने सपशेल जिंकला. कोर्टाने मराठी कागदांचे शब्द बघितले आणि म्हटलं की मराठ्यांना जिथे प्रदेशच द्यायचा असायचा तिथे त्यांनी तसे शब्द वापरलेत, इथे तसे शब्द नाहीत, इथे 12,000 रुपयांची जहागीर किंवा सरंजाम आहे, हिंदुस्थानात असली देणगी सर्रास दिली जायची, आणि अशा देणगीने प्रदेशाची मालकी गेली असं एकही उदाहरण पोर्तुगालला दाखवता आलं नाही. पोर्तुगालने एक युक्तिवाद केला होता की गावांत बंड झालं तर ते मोडायचा अधिकार आम्हाला दिला होता, म्हणजे आम्ही राजे. त्यावर कोर्टाचं उत्तर साधं होतं. राजे असता तर बंड मोडायला दुसऱ्याची परवानगी लागली असती का?

इतकं झाल्यावर कुणालाही वाटेल की खटला संपला. नाही संपला. कोर्ट पुढे म्हणालं की 1818 मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रज आले, त्यांनी बघितलं की पोर्तुगीज तिथे पूर्ण कारभार करतायत आणि त्यांनी ते चालू दिलं, स्वतः त्या गावांवर हक्क सांगितला नाही. म्हणजे इंग्रजांनी पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व न बोलता मान्य केलं, आणि नंतर भारतानेही गप्प राहून मान्य केलं. झालं! मराठ्यांनी दिलं नव्हतं ते इंग्रजांच्या मौनाने दिलं गेलं. सरंजाम होता तो जाता जाता राज्य झाला, आणि मूळ धनी नाहीसा झाल्यावर मागे आलेल्याने सातबारा कुणाच्या नावावर आहे हे बघितलंच नाही. माझ्या मते भारताच्या आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीच्या संशयाचं बी इथे पडलं, तीन दिवसांच्या त्या चलाखीपेक्षाही जास्त इथे. कारण या तर्काप्रमाणे एका वसाहतवाद्याने दुसऱ्या वसाहतवाद्याकडे बघून डोळे मिटले की तिसऱ्याची जमीन गेली, आणि तो तिसरा स्वतंत्र झाल्यावर त्याने आल्याआल्या आरडाओरडा केला नाही तर तीही त्याची संमती.

मग जाण्यायेण्याचा हक्क. कोर्टाने 11 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की 1954 मध्ये साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, कारण सव्वाशे वर्षं सतत तसंच चालत आलं होतं. भारत म्हणत होता की प्रथा म्हणायला बरेच देश लागतात, दोघांत कसली प्रथा? कोर्ट म्हणालं दोघांतही होऊ शकते. आज दोन देशांमधल्या स्थानिक प्रथेचा विषय निघाला की जगभर हाच खटला सांगितला जातो. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांचा मात्र हक्क नव्हता, 8 विरुद्ध 7, म्हणजे एका मताने. कारण इंग्रजांच्या वेळीही त्यांना दर वेळी परवानगी लागायची, 1878 च्या तहातच तसं होतं. आणि शेवटी, 9 विरुद्ध 6 मतांनी, भारताने कुठलंही कर्तव्य मोडलं नाही, दादरा पडल्यावर तणाव होता आणि त्या तणावात वाहतूक थांबवणं भारताच्या अधिकारात बसत होतं.

म्हणजे हक्क होता, पण तो न दिल्याने काही बिघडलं नाही. पोर्तुगालने हक्क जिंकला आणि हातात काहीच आलं नाही, भारत खटला जिंकला पण दादरा-नगर हवेली पोर्तुगालची होती असं शिक्कामोर्तब घेऊन परत आला. निकालात असहमती लिहिणाऱ्यांपैकी अर्जेंटिनाच्या मोरेनो किंतानांनी मात्र सरळ म्हटलं की पोर्तुगालचा दावा मान्य करायचा म्हणजे वसाहतींची व्यवस्था चालू ठेवायची आणि भक्कम पुराव्याशिवाय तसं करणं यूएनच्या सनदेच्या विरुद्ध जातं. बहुमताला ते पटलं नाही, की पटूनही लिहायचं नव्हतं, कोण जाणे.

आता या सात-आठ वर्षांत दादरा-नगर हवेलीत काय चाललं होतं? 1954 पासून तिथे वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती, भारताने तो प्रदेश अधिकृतपणे आपला केला नव्हता. यातही शहाणपण होतं, हेगमध्ये "आम्ही घेतलेलं नाही" म्हणता येत होतं. निकाल लागून वर्ष उलटल्यावर 1961 मध्ये के. जी. बदलाणी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथला पंतप्रधान करण्यात आलं, म्हणजे त्यांना नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून. सही झाली, दहावी घटनादुरुस्ती झाली, 11 ऑगस्ट 1961 पासून प्रदेश भारतात. कुणी याला नाटक म्हणेल, पण बघा ना, कागद नीट असावा ही काळजी किती होती. हेगचा धडा असा उतरला होता की मौनावर काही सोडायचं नाही, सगळं सही करून घ्यायचं.

त्याच वर्षी 18 आणि 19 डिसेंबरला गोव्यात सैन्य घुसलं आणि तेव्हाचा सूर बघा किती बदललाय. सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी सांगितलं की हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, गोवा आणि भारत यांच्यात कायदेशीर सीमा अशी नाहीच, आणि ज्या युरोपियन लेखकांनी आंतरराष्ट्रीय कायदा लिहिला ते वसाहतवादाच्या वातावरणातच वाढलेले होते. सैन्य मागे घ्या म्हणणाऱ्या अमेरिका, ब्रिटन यांच्या बाजूच्या ठरावाला सात मतं, विरोधात सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, सोव्हिएत व्हेटो, ठराव पडला. 1955 ते 1960 मध्ये कोर्टात सरंजामाचा अर्थ सांगणारा देश 1961 मध्ये म्हणतो की तुमच्या जुन्या कायद्यावर आमचं भागत नाही. मला ही उडी एका रात्रीत मारलेली वाटत नाही. आधी त्याच कायद्याच्या आत राहून, त्याच्याच शब्दांत, पोर्तुगालची मालकी खोटी पाडायचा प्रयत्न झाला होता आणि तो अर्धाच यशस्वी झाला होता. पोर्तुगालने हे सगळं भारताचंच आहे हे मान्य केलं ते लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या तहाने.

त्याआधी तीनच महिने, सप्टेंबर 1974 मध्ये, भारताने कोर्टाला दिलेला नवा जाहीरनामा वाचला तर हा खटला त्यात ओळीओळीत दिसतो. समोरच्या देशाने कोर्टाची सक्ती दावा लावायच्या आधी बारा महिन्यांच्या आत मान्य केली असेल तर तो दावा चालणार नाही. हे कुणासाठी आहे सांगायला नको. प्रदेशाचा दर्जा, सीमा, त्यांची आखणी यावरचे वाद वगळले. जुन्या काळात ज्यांची मुळं आहेत असे वाद वगळले, पुन्हा कुणी 1779 काढायला नको. यात कच्छचाही वाटा आहे म्हणा, रणाचा वाद लवादाकडे दिला आणि 1968 मध्ये पाकिस्तानला मागितलेल्या भागाचा दहावा हिस्सा मिळाला तेव्हा संसदेत जो गदारोळ झाला तो दिल्ली विसरली नव्हती.

पण सगळ्यात मजेची अट दुसरीच आहे. कॉमनवेल्थमधल्या देशांशी असलेले वाद कोर्टात नकोत. ही भारताने शोधलेली नाही, ती 1940 च्या कागदातच होती, साम्राज्यातली भांडणं घरातच मिटवावीत, परक्या कोर्टात नेऊ नयेत या ब्रिटिश विचारातून आलेली. साम्राज्य गेलं, अट राहिली. 10 ऑगस्ट 1999 ला भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, सोळा जण गेले, पाकिस्तान हेगला गेला आणि म्हणाला ही अट आता कालबाह्य आहे. 21 जून 2000 ला कोर्टाने 14 विरुद्ध 2 मतांनी अट मान्य केली, दावा ऐकलाच नाही. युरोपियन वसाहतवादी कायदा नको म्हणणाऱ्या भारताला पाकिस्तानपासून वाचवलं ते साम्राज्याच्या एका उरलेल्या वाक्याने, आणि ते वाक्य काढून टाकावं असं कुणी म्हटलं तर मी म्हणेन वेडे आहात का.

2017 मध्ये भारत स्वतःहून हेगला गेला, पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांसाठी, तेव्हा या जाहीरनाम्यांना हातच लावला नाही. वाणिज्य दूतांविषयीच्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या प्रोटोकॉलमधून आत शिरला, म्हणजे तो एकच करार आणि तो एकच प्रश्न, बाकी काही उघडं पडायला नको. 8 मे ला अर्ज, 18 मे ला फाशीला तात्पुरती स्थगिती, आणि 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतांनी बहुतेक सगळे मुद्दे भारताच्या बाजूने. भारताचे वकील हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली होती.